एकाच दिवशी पगार आला आणि हप्ताही आला, तर बँक आधी काय धरते?

अडकित्ता | गुरु, ०६/११/२०२५ - २१:१८

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय. आधीच असा धागा असेल तर लिंक द्या, हा उडवला तरी चालेल.

माझ्या गाडीच्या कर्जाचा हप्ता २१,३५० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. कर्ज एका फायनान्स कंपनीचं, खातं दुसऱ्या बँकेत. पगार एरवी ३ किंवा ४ ला येतो. दिवाळीने खिसा साफ केला होता, त्यात ३ तारखेला बहिणीला दहा हजार पाठवले. खात्यात उरले १८,२४०. म्हटलं, पगार येईलच.

काल ५ तारीख, गुरुनानक जयंती. बँकेचं शटर खाली. तरी सकाळी साडेनऊच्या सुमारास मेसेज आला की शिल्लक अपुरी असल्याने आपला हप्ता परत गेला. पावणेबाराला पगार जमा. रात्री बँकेने ५९० रुपये कापले (५०० अधिक जीएसटी). आज सकाळी फायनान्स कंपनीचा फोन, त्यांचेही ५९०. हप्ता मी कालच त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून भरला, तरीही.

आज पासबुक भरून आणलं. त्यात वरच्या ओळीत पगार जमा, त्याच्या खालच्या ओळीत "नाच रिटर्न चार्ज" (नाच म्हणजे खात्यातून हप्ते आपोआप कापायची यंत्रणा). तारीख दोन्हीकडे तीच. म्हणजे पासबुकाच्या हिशेबाने पैसे आधी आले आणि दंड नंतर लागला. काउंटरवरच्या मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, "सिस्टीमने केलंय."

तर प्रश्न एवढाच: एकाच दिवशी जमा आणि खर्च दोन्ही असतील तर क्रम कोण ठरवतं? काही नियम आहे का?

---

बटाटेवडा | गुरु, ०६/११/२०२५ - २१:३१

नाच त्यांचा, बिदागी तुमची. 😄

---

मृण्मयी_क | गुरु, ०६/११/२०२५ - २१:५२

सेम पिंच. माझा एसआयपी असाच दोनदा परत गेला. सुट्टीच्या दिवशी बँक बंद म्हणून मी निर्धास्त होते. १ ऑगस्ट २०२१ पासून नाच रविवारी आणि सुट्टीलाही चालतं, हे मला दंड भरल्यावर कळलं.

---

शिस्तप्रिय | गुरु, ०६/११/२०२५ - २२:०७

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हप्त्याची तारीख माहीत होती, रक्कम माहीत होती. आदल्या रात्री खात्यात पैसे नव्हते ही तुमची चूक. बँकेने क्रम कुठला लावला हा प्रश्नच येत नाही.

---

अडकित्ता | गुरु, ०६/११/२०२५ - २२:१५

@शिस्तप्रिय, चूक मान्य. पण पासबुकात पैसे आधी दिसत असताना दंड का, हे विचारायचा हक्क चुकलेल्या माणसालाही असतोच ना?

---

कोडगा | गुरु, ०६/११/२०२५ - २३:४०

बारा वर्षं बँकांच्या कोअर बँकिंगवर, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरवर काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पासबुकातला क्रम आणि घडलेला क्रम एकच असेल असं समजू नका. काल सकाळी तुमच्या खात्यातून हप्ता गेलाच नाही, म्हणून त्याची ओळच पडली नाही. (काही बँका आधी खर्ची टाकून मग उलट नोंद करतात, तिथे दोन ओळी दिसतात.) तुमच्याकडे फक्त दंडाची ओळ आहे, आणि दंड बहुतेक ठिकाणी दिवसाचं कामकाज मिटवताना एकगठ्ठा लागतो. म्हणून पगार वर आणि दंड खाली. चूक घडली सकाळी, तिची पावती फाटली रात्री.

आता क्रम. सगळ्या नोंदींना लागू पडेल असा एकच क्रम नसतो. यूपीआय, एटीएम, कार्ड, एनईएफटीची जमा हे सगळं येईल तसं त्या क्षणीच्या शिलकेवर बसतं. नाचचं तसं नाही. फायनान्स कंपनीची बँक हजारो हप्त्यांची फाइल एनपीसीआय या बँकांना जोडणाऱ्या मध्यवर्ती संस्थेला देते, एनपीसीआय ती बँकवार वाटते आणि तुमच्या बँकेत ती बहुधा सकाळीच चालते. त्या क्षणी तुमच्या खात्यात १८,२४० होते. फाइलला पगाराची वाट बघायची सोय नाही. आम्ही एका बँकेला, कमी पडलेल्या नोंदी दुपारी पुन्हा एकदा फिरवून मगच परत पाठवायच्या, अशी सोय करून दिली होती. दुसरीने तीच सोय नको म्हणून सांगितलं. का नको, ते विचारायचा पगार मला मिळत नव्हता.

एकाच फाइलमध्ये तुमचेच दोन हप्ते असतील आणि पैसे एकालाच पुरत असतील, तर बहुतेक वेळा फाइलमध्ये जो वर तो जिंकतो. त्यात न्यायबिय काही नाही.

काउंटरवरच्या मॅडम खरंच बोलल्या. फक्त सिस्टीमला कुणीतरी तसं सांगितलेलं असतं, एवढंच त्या बोलल्या नाहीत.

---

चहाबाज | शुक्र, ०७/११/२०२५ - ०८:०५

कोडगासाहेब, टोपण नाव सार्थ आहे. प्रतिसाद आवडला.

---

लेजरबाबा | शुक्र, ०७/११/२०२५ - ११:२६

राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. १९८१ साली क्लार्क म्हणून लागलो, विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी. तेव्हा सिस्टीम म्हणजे मी.

गिऱ्हाईक पैसे काढायची स्लिप द्यायचं, आम्ही पितळी टोकन द्यायचो. लेजरचा ठोकळा उघडायचा, खात्याचं पान काढायचं, शिल्लक बघून रक्कम खर्ची टाकायची, स्लिप साहेबांकडे सहीला, तिथून कॅशियरकडे. मग टोकन नंबरचा पुकारा. क्लिअरिंगचे, म्हणजे दुसऱ्या बँकांकडून वटायला आलेले चेक सकाळी गठ्ठ्याने यायचे, टाचणी लावलेले. एकाच खात्याचे तीन चेक एका गठ्ठ्यात निघाले आणि शिल्लक दोघांपुरतीच असली, की मी पेन खाली ठेवून साहेबांकडे बघायचो.

नियम कुठे लिहिलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. आमचे पहिले साहेब लहान रकमांचे चेक आधी पास करायचे. म्हणायचे, तीनपैकी दोघांना तरी पैसे मिळू देत. बदली होऊन दुसरे आले, ते मोठा चेक आधी घ्यायचे. त्यांचं म्हणणं, दुकानदाराचा मोठा चेक परत गेला की बाजारात पत जाते, दोनशेचा गेला तर माणूस चहा पाजून मिटवतो. दोघेही भले होते. आणि दोघेही चेक परत करण्याआधी शिपायाला सायकलवर पिटाळायचे: "पाटील सरांना म्हणावं, तीनशे कमी पडताहेत, दोनच्या आत आणून भरा." रिटर्न क्लिअरिंग दुपारी जायचं, तोवर सवड असे.

शिवाय एक रीत होती. त्या दिवशी काउंटरवर आलेला रोख भरणा लेजरला चढवल्याशिवाय क्लिअरिंगचा चेक परत करायचा नाही. जमा आधी, नावे नंतर. सर्क्युलरपेक्षा ती माणुसकी जास्त होती, आणि सगळ्याच शाखांत होती असा माझा दावा नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला सायकल जायची, अनोळख्याला चेक परत गेल्याचा मेमो, हेही खरं आहे.

---

शिस्तप्रिय | शुक्र, ०७/११/२०२५ - १२:०२

म्हणजे ओळख असेल तर एक न्याय, नसेल तर दुसरा. त्यापेक्षा संगणक बरा.

---

लेजरबाबा | शुक्र, ०७/११/२०२५ - १२:२०

@शिस्तप्रिय, बरा आहे. फक्त त्याला सायकल येत नाही.

---

न्यूजर्सीची_काकू | शनि, ०८/११/२०२५ - ०७:४४

लेजरबाबांच्या दुसऱ्या साहेबांवरून आठवलं. "मोठा आधी" हा प्रकार इकडे अमेरिकेत बँकांनी सॉफ्टवेअरमध्येच घातला होता आणि त्यावर रग्गड पैसा केला.

इकडे चेकिंग खात्यात पैसे कमी पडले तरी बँक पुष्कळदा व्यवहार होऊ देते, खातं उणे करते आणि प्रत्येक व्यवहारामागे ओव्हरड्राफ्ट फी लावते. फी तेव्हा साधारण ३५ डॉलर होती. आता गंमत बघा. खात्यात १०० डॉलर आहेत. दिवसभरात तुम्ही ५ ची कॉफी, ८ चं सँडविच, १२ चं औषध, २० चं पेट्रोल घेतलंत आणि संध्याकाळी ९५ चा एक चेक वटायला आला. घडल्या क्रमाने धरलं तर पहिले चार मिळून ४५, उरले ५५, चेकला पैसे कमी. एक फी, ३५ डॉलर. बँक काय करायची? रात्री सगळे व्यवहार मोठ्याकडून लहानाकडे लावायची. आधी ९५ गेले, उरले ५. मग २० ला फी, १२ ला फी, ८ ला फी, ५ ला फी. झाले १४० डॉलर. कॉफी चाळीस डॉलरला पडली.

२००९ मध्ये मला स्वतःला असा तीन फियांचा फटका बसलाय. बँकेचं नाव घेत नाही. फोनवरच्या मुलीने हेच सांगितलं: "घरभाडं, गाडीचा हप्ता असे मोठे आणि महत्त्वाचे व्यवहार आधी जावेत म्हणून आम्ही तुमच्या सोयीसाठी असं करतो." अगदी साहेबांचीच भाषा! फरक इतकाच की तुमच्या साहेबांना त्यातून काही मिळत नव्हतं, आणि इथे तर लहान व्यवहारही अडत नव्हते. बँक सगळेच पास करत होती, मग मोठ्याला रांगेत पुढे घेऊन त्याचं काय भलं झालं?

पुढे कोर्टकज्जे झाले. २०१० च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी वेल्स फार्गोला कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांना सुमारे २०.३ कोटी डॉलर परत द्यायला सांगितलं. त्यावर अपिलं बरीच वर्षं चालली. बँक ऑफ अमेरिकेने २०११ मध्ये ४१ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. २०१० पासूनच एटीएम आणि डेबिट कार्डाच्या एकेका व्यवहारावर अशी फी लावायला ग्राहकाची आधी संमती घ्यावी लागते.

---

बटाटेवडा | शनि, ०८/११/२०२५ - ०९:१०

४० डॉलरची कॉफी ऐकून आमच्या टपरीवाल्याने पाटी बदलायला घेतली आहे.

---

कोडगा | शनि, ०८/११/२०२५ - १०:३३

@काकू, हा फरक महत्त्वाचा आहे. आपल्याकडे साध्या बचत खात्यात पैसे नसतील तर व्यवहार होतच नाही. यूपीआयने कॉफी घेताना पैसे कमी असतील तर "अपुरी शिल्लक" असा मेसेज येतो आणि तुम्ही कॉफी न घेता घरी. दंड शून्य. म्हणून व्यवहार उलटसुलट लावून फी वाढवायला इकडे फारसा वाव नाही. आपल्याकडे मार बसतो तो चेक आणि मँडेटवर (म्हणजे हप्ता आपोआप कापायला दिलेल्या परवानगीवर), आणि तो दोन्हीकडून बसतो. अडकित्ता यांनी एकाच हप्त्याचे दोन दंड भरले, ११८०.

यूपीआय ऑटोपेचंही लक्षात ठेवा. १ ऑगस्ट २०२५ पासून ते गर्दीच्या वेळा टाळून चालवतात: सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५, आणि रात्री साडेनऊनंतर.

---

सांगलीकर_ऊस | शनि, ०८/११/२०२५ - १३:५८

तुम्ही लोक सकाळ-दुपारवर भांडताय. आमच्याकडे क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. कारखान्याचं ऊसबिल जमा झालं की आधी सोसायटीची वसुली, मग राहिलं तर आपलं. माझ्या वडिलांनी सबंध बिल हातात घेतलेलं मला आठवत नाही. पासबुक भरायला गेलं की जमा एका ओळीत, कपात पुढच्या ओळीत, आणि शिल्लक बघून म्हातारा पासबुक तसंच पिशवीत टाकायचा. घरी आल्यावर आई विचारायची नाही. पिशवी कुठे ठेवली त्यावरून तिला कळायचं.

पीक कर्ज घेतलंय तर फेडायला पाहिजे, त्याला ना नाही. पण माझ्या खात्यावर आलेल्या पैशाला पहिला हात कुणाचा, हे मला विचारून ठरत नाही. लाडक्या बहिणीचंही सुरुवातीला तेच झालं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या दोन हप्त्यांचे मिळून तीन हजार आले, तर काही बायकांच्या खात्यातून बँकेने जुने दंड आणि थकबाकी वळती करून घेतली. हे पैसे कापू नका, असं सरकारला बँकांना सांगावं लागलं.

---

मृण्मयी_क | शनि, ०८/११/२०२५ - १४:२०

पिशवीचं वाचून गप्प झाले.

---

वकीलसाहेबा | रवि, ०९/११/२०२५ - १८:३७

सांगलीकरांनी मूळ मुद्द्याला हात घातलाय. पैसा आल्यावर तो कुठल्या देण्यात घालायचा, यावर आपल्या १८७२ च्या करार कायद्यात तीन कलमं आहेत, ५९ ते ६१. एकाच माणसाची अनेक देणी असतील तर पैसे देताना "हे अमुक देण्याचे" असं देणेकऱ्याने सांगितलं की घेणाऱ्याने ते तिथेच धरायचे. तो काही बोलला नाही तर घेणारा ठरवणार. दोघेही गप्प राहिले तर जुनं देणं आधी. चालू खात्यात "जो पैसा आधी आला तो आधी खर्ची पडला" असं धरायची रीत तर १८१६ च्या इंग्लंडमधल्या क्लेटनच्या खटल्यापासूनची आहे. लंडनमधली एक पेढी बुडाली, त्यातून तो उपटला.

म्हणजे कायद्याने बोलायची पहिली पाळी तुमची आहे. मग ती जाते कुठे? कर्जाच्या कागदांवर वीस सह्या करताना तुम्ही ती देऊन टाकता. "जमा रक्कम आधी खर्च व शुल्क, मग व्याज, मग मुद्दल अशा क्रमाने" असं एक वाक्य त्यात बहुतेक असतंच, आणि बँक तुमच्या इतर खात्यांतून वळती करू शकते असंही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी ते वाचलेलं नसतं. दहावा स्वतः बँकेतला असतो.

@अडकित्ता, जाता जाता: परत गेलेला चेक जसा कलम १३८ (चेक न वटल्याचा गुन्हा) खाली जातो, तसा परत गेलेला नाचचा हप्ता पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याच्या कलम २५ खाली जाऊ शकतो. घाबरू नका, तुम्ही त्याच दिवशी भरलेत. पण "चेक थोडाच होता" असं म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

---

शिस्तप्रिय | रवि, ०९/११/२०२५ - १९:०१

वाचून सही करावी, एवढंच माझंही म्हणणं होतं.

---

चहाबाज | रवि, ०९/११/२०२५ - १९:०६

@शिस्तप्रिय, तुम्ही तुमच्या गृहकर्जाचा करार शेवटच्या पानापर्यंत वाचलात? खरं सांगा.

---

शिस्तप्रिय | रवि, ०९/११/२०२५ - १९:४८

बराचसा.

---

मृण्मयी_क | सोम, १०/११/२०२५ - ०९:१५

अवांतर: माझे सासरे अजून म्हणतात, "पैसे दहा तारखेच्या आत भर, नाहीतर महिन्याचं व्याज बुडतं." हे काय आहे?

---

लेजरबाबा | सोम, १०/११/२०२५ - १०:४२

सासरे बरोबर आहेत, फक्त पंधरा वर्षं उशिरा. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्याचं व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकेवर मिळायचं. ११ तारखेला लाख भरलात तरी त्या महिन्यापुरते ते नसल्यासारखे. आणि २९ ला काढून ३० ला परत भरलेत तरी व्याज गेलंच. दर महिन्याच्या १० तारखेला भरणाऱ्यांची रांग शटरच्या बाहेर जायची. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झालं. हिशेब दिवसअखेरच्या शिलकेवर होतो, त्यामुळे व्याजापुरता तरी दिवसातल्या क्रमाने काही फरक पडत नाही.

चेकचंही जग बदललंय. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचा गठ्ठा थांबत नाही. येईल तसा चेक स्कॅन होऊन समोरच्या बँकेत जातो, आणि तिने संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही कळवलं नाही तर चेक मंजूर धरला जातो. आज चेक देऊन उद्या खात्यात पैसे भरू, हा व्यापाऱ्यांचा जुना खेळ संपला. आता सायकल पोचायच्या आत चेक परत.

---

सांगलीकर_ऊस | सोम, १०/११/२०२५ - २०:३०

बाबा, आमच्याकडे सायकल कधी आलीच नव्हती.

---

लेजरबाबा | सोम, १०/११/२०२५ - २१:१३

खरं आहे. चालू खात्यांकडे जायची. शेतकऱ्याकडे आम्ही वसुलीच्या जीपमधून यायचो.

---

कोडगा | मंगळ, ११/११/२०२५ - २३:०२

@सांगलीकर, लाडक्या बहिणीच्या खात्यात नेमकं काय होतं ते सांगतो. किमान शिलकेच्या दंडामुळे बचत खातं उणे जाता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. म्हणून सिस्टीम खातं शून्यावर थांबवते. पण काही बँका न मिळालेला दंड बाजूला "येणे" म्हणून धरून ठेवतात. ग्राहकाला तो दिसतही नाही. पुढे कधीतरी खात्यात पैसा पडला की रांगेत सगळ्यात पुढे तोच उभा. वर्षभर पडून असलेल्या खात्यात पहिल्यांदा तीन हजार आले तरी पहिला घास त्याचा. बिघाड म्हणून होत नाही हे, तसं लिहिलेलं असतं म्हणून होतं. माझ्याच टीममधल्या कुणीतरी लिहिलेलं असेल.

---

चहाबाज | मंगळ, ११/११/२०२५ - २३:१९

आज कोडगासाहेबांच्या नावातला ग गळालाय.

---

अडकित्ता | शुक्र, ०५/१२/२०२५ - १०:०८

धागा वर काढतोय, कारण आज पुन्हा ५ तारीख.

मधल्या काळात केलेलं: वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून नाही, पण त्यांच्या प्रतिसादाने हिंमत आली म्हणून, बँकेला ईमेल लिहिला. हप्ता किती वाजता तपासला, पगार किती वाजता जमा झाला, आणि परत पाठवण्याआधी पुन्हा तपासायची तुमची पद्धत आहे की नाही, असे तीन सरळ प्रश्न. नऊ दिवसांनी उत्तर आलं. हप्ता ९ वाजून १४ मिनिटांनी, पगार ११ वाजून ४२. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही, पण शाखेतल्या मॅडमचा फोन आला की यावेळी एक अपवाद म्हणून ५९० परत जमा करतोय. फायनान्स कंपनीने दंड परत द्यायला साफ नकार दिला.

हप्त्याची तारीख ५ ची १० करून मागितली. ते म्हणाले होईल, पण नवं मँडेट करावं लागेल आणि तारीख बदलल्याचं पाच दिवसांचं जादा व्याज एकदा भरावं लागेल. भरलं. नवं मँडेट जानेवारीपासून.

म्हणजे आजचा हप्ता अजून जुन्याच तारखेला. काल रात्री बायकोच्या खात्यातून पाच हजार मागून घेतले. ९ वाजून १६ मिनिटांनी मेसेज आला, हप्ता गेला. शिल्लक ३१२ रुपये.

पगार अजून आलेला नाही.

---

बटाटेवडा | शुक्र, ०५/१२/२०२५ - १०:१५

पगार आला की आधी बायकोचे पाच हजार. तिथे नोटीस नसते, थेट वसुली. 😄

---

सांगलीकर_ऊस | शुक्र, ०५/१२/२०२५ - १३:४०

अभिनंदन. तारीख बदलून मिळते हे ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे यंदा अजून तोडच आलेली नाही.